अनुभव धागा: दारू सोडताना आपला समूह कसा सापडला?

दारू सुटून मला सहा वर्षं झाली. डॉक्टर होते, औषधं होती, घरच्यांचा धीर होता, पण टिकलं ते समूहामुळे. तुम्हाला समूह कसा मिळाला, पहिल्या दिवशी काय झालं, कुठे जमलं नाही, मोकळेपणाने लिहा. नाव-गाव नको. सुरुवात मी करतो.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या समूहाचा, म्हणजे एएचा नंबर तीन आठवडे पाकिटात होता. शेवटी लावला, तर पलीकडच्या माणसाने नाव विचारलं नाही. "आज घेतली आहे का?" एवढंच विचारलं. हो म्हणालो. "हरकत नाही, उद्या साडेसहाला मीटिंग आहे, या." दुसऱ्या दिवशी जिन्यात वीस मिनिटं उभा होतो. आतून हसण्याचा आवाज येत होता. दारू सोडलेली माणसं हसतात हे तोवर माझ्या कल्पनेतही नव्हतं. आत गेल्यावर एका वयस्कर गृहस्थांनी पाण्याचा पेला पुढे केला, अर्धाच भरलेला. पूर्ण भरलेला असता तर माझ्या हातून सगळ्यांसमोर सांडला असता, आणि हे त्यांना सांगावं लागलं नाही. फी नाही, फॉर्म नाही. दारू सोडायची इच्छा, एवढीच अट.

नंतर कळलं की एएची सुरुवातच अशा शोधातून झाली. १९३५ साली बिल विल्सन अमेरिकेतल्या ॲक्रनमध्ये एका हॉटेलात एकटा होता. प्यायची अनावर इच्छा झाली तेव्हा तो बारकडे न जाता फोनकडे गेला, आपल्यासारखाच दुसरा कोणी दारुडा भेटतो का ते बघायला. त्यातून डॉ. बॉब स्मिथ हे दारूच्या आहारी गेलेले सर्जन भेटले, आणि या दोघांतून एए सुरू झालं.

*

माझा अनुभव वेगळा, म्हणून एक कळकळीने सांगायचंय. समूह सापडला या उत्साहात मी डॉक्टरांना न विचारता एका दिवसात दारू बंद केली. रोज सकाळपासून पिणारा माणूस मी. दुसऱ्या दिवशी फिट आली. शेवटच्या पेगनंतर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन-चार दिवसांत भास, ताप, भ्रम सुरू होऊन जिवावरही बेतू शकतं. रोज भरपूर पिणाऱ्याने आधी डॉक्टर गाठावा. मीटिंगला जाच, पण समूह म्हणजे दवाखाना नव्हे.

*

पहिल्या मीटिंगला मी एकटी बाई. सगळे नीट वागले, तरी मुलं झोपल्यावर स्वयंपाकघरात लपून प्यायचे हे मला तिथे बोलता येईना. तीन आठवडे गप्प बसले आणि चौथ्या आठवड्यात जाणं सोडलं. हे आपल्यासाठी नाही असं वाटून परत प्यायले. पुढे एका ताईंनी फक्त बायकांच्या ऑनलाइन मीटिंगची लिंक पाठवली. कॅमेरा बंद ठेवून ऐकत होते. एकजण म्हणाली, "मी व्हिनेगरच्या बाटलीत ठेवायचे." मी कॅमेरा चालू केला. बहिणींनो, एक समूह जमला नाही म्हणून थांबू नका. पाच-सहा ठिकाणी जाऊन बघा.

*

मी पिणाऱ्याची बायको. हे अजून तयार नाहीत, म्हणून मीच एएच्या खुल्या मीटिंगला जाऊन बसले. खुल्या मीटिंगला कोणीही जाऊ शकतं, बंद मीटिंग फक्त दारू सोडू पाहणाऱ्यांची. तिथे कळलं की आपल्यासाठी वेगळा समूह असतो, ॲल-अनॉन, १९५१ पासून. तिथलं पहिलंच वाक्य ऐकून मी रडले: हे तुझ्यामुळे झालेलं नाही, तुझ्या ताब्यात नाही, तू बरं करू शकत नाहीस. बाटल्या शोधणं मी त्या आठवड्यात थांबवलं. हे अजून पितात. मला मात्र झोप लागते.

*

माझी अडचण देवाची होती. एएच्या दारू सोडण्याच्या बारा पायऱ्यांत ईश्वर येतो, मी मानत नाही. म्हणून स्मार्ट रिकव्हरी हा दुसरा समूह धरला. तिथे देवाचा विषय नाही, विचार आणि सवयी बदलायच्या पद्धती शिकवतात. उपयोग झाला, पण आमच्याकडे तो ऑनलाइनच होता आणि रात्री अकराला फोन उचलणारं कोणी नव्हतं. स्पॉन्सर, म्हणजे हात धरून सोबत करणारा जुना सभासद, मिळाला तो एएमध्येच. तो म्हणाला, "तुझ्यासाठी हा समूह हीच मोठी शक्ती समज." दोन्हीकडे जातो.

*

अकरा महिने सोबर होतो. गेल्या महिन्यात एका लग्नात स्लिप झाली, म्हणजे परत प्यायलो, मग रोजच. आता त्याच लोकांसमोर कोणत्या तोंडाने जाऊ? दुसरा समूह शोधतोय.

*

दादा, दुसरा शोधायचा तर जरूर शोध, पण लाजेपोटी नको. माझ्या तीन स्लिप झाल्या. तिसऱ्या वेळी दारातच आमच्या जुन्या सभासदाने खुर्ची ओढून दिली आणि "बस" म्हणाला, बाकी काही नाही. तुझे अकरा महिने पुसले गेलेले नाहीत, त्यातलं शिकलेलं तुझ्याकडेच आहे. परत रोज पितोयस तर आधी डॉक्टरांना फोन कर. आणि मीटिंगला जायच्या आधी समूहातल्या एकाला तरी कळव, म्हणजे जिन्यातून परत फिरणार नाहीस.

*

डॉक्टरांकडे जाऊन आलो, औषधं सुरू केली. जुन्या स्पॉन्सरला मेसेज केला. त्याचं उत्तर: "सहा वाजता खाली उभा आहे."