टाळ्यांच्या पुढचे आभार
साथीच्या काळात सरकारी कर्मचाऱ्यांसाठी टाळ्या वाजवणे पुरेसे आहे का, या प्रश्नावरील चर्चेत थोडी भर घालतो. जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात कोविडने जगभरात ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्य कर्मचारी दगावले असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यात रस्ते झाडणारे आणि बस चालवणारे धरलेलेच नाहीत, याची खंत वाटते. म्हणून आभार चेहऱ्यावर नीट बसणारा मास्क, आजारपणाची भरपगारी रजा आणि कंत्राटी कामगारालाही कायम कर्मचाऱ्याइतकेच विमासंरक्षण या रूपांत पोहोचायला हवेत. आपल्या हातीही काही आहेच: घरात कोणी बाधित असल्यास कचरा वेगळा बांधून त्यावर तसे लिहावे आणि तपासणीसाठी दारात आलेल्या सेविकेपासून आजार लपवू नये.