सासूबाईंची एस्सिटालोप्राम आठ दिवसांत बंद करू का?

राजेंद्रनगरची_सून:
सासूबाई 71 वर्षांच्या. सासरे गेल्याला पाच महिने झाले. तेव्हापासून पहाटे तीनला उठून देवघरापुढे नुसत्या बसून राहतात. डॉक्टरांनी उदासीवर एस्सिटालोप्राम 5 मिलिग्रॅम दिली, सकाळी नाश्त्यानंतर. आज आठवा दिवस. उदासी तशीच, वर मळमळ. काल पोह्यांची बशी शेवेसकट सरकवली. इंदूरच्या माणसानं शेव नाकारली म्हणजे काय ते समजा! आत्याबाई म्हणतात, "डोक्याच्या गोळ्या, एकदा लागल्या की सुटत नाहीत." बंद करू का?

जुनी_रामबाग:
नका हो! मी हीच दीड वर्ष घेतली. मळमळ दहाएक दिवसांत गेली. आधी झोप सुधारली, मन हलकं व्हायला चौथा आठवडा उजाडला. मग बरं वाटतंय म्हणून दिवाळीत मीच सोडली. तिसऱ्या दिवशी मान वळवली की डोक्यात करंट लागल्यासारखं, चक्कर, उगाच रडू. ती तलफ नव्हे, पण एकदम तोडलेलं शरीराला सोसत नाही. शेवटी डॉक्टरांनी तीन महिन्यांत उतरवत बंद केली. आत्याबाईंना सांगा, सवय लागते ती क्लोनाझेपामसारख्या झोपेच्या गोळ्यांची.

निवृत्त_केमिस्ट:
मळमळीचं एवढं नाही, मला वयाची काळजी. बीपीची कोणती गोळी आहे? लघवी वाढवणारी असेल तर तिनं सोडियम उतरतं, आणि म्हाताऱ्या माणसांत या एस्सिटालोप्राममुळेही. मग सुस्ती, गोंधळ, तोल जाणं. घरचे म्हणतात वय झालं. साधी रक्ततपासणी आहे, डॉक्टरांना विचारून करून घ्या. गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन चालू असेल तर तेही सांगा, हिच्यासोबत पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो. ट्रॅमाडॉल ही दुखण्यावरची गोळी तर न विचारता नकोच. या वयात एस्सिटालोप्राम 10 मिलिग्रॅमच्या वर सहसा नेत नाहीत, हृदयाचे ठोके बिघडू नयेत म्हणून. आणि बेचैनी एकाएकी वाढली, किंवा "आता जगून काय करू" असं काही बोलल्या, तर एकटं सोडू नका, लगेच डॉक्टर गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 रात्रीही चालतो, फुकट.

राजेंद्रनगरची_सून:
काका, स्ट्रिप पाहिली. बीपीच्या टेल्मिसार्टनसोबत क्लोरथॅलिडोन आहे, म्हणजे तुम्ही म्हणता ती लघवी वाढवणारीच. आणि गादीखाली डायक्लोफेनॅकचं अर्धं पाकीट सापडलं! "तुला कशाला त्रास" म्हणे. डॉक्टरांना फोन केला. ते पाकीट बंद, उद्या सकाळी सोडियमची तपासणी, एस्सिटालोप्राम चालू. आत्याबाईंना अजून सांगितलेलं नाही.