मदत हवी आहे: नवा कमोड कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी,

बाथरूमचं काम काढलंय, त्यात कमोडही बदलायचाय. जुन्याचा पाइप फरशीतून खाली जातो, म्हणजे एस-ट्रॅप, एवढं कळलंय. टाइल लावलेल्या भिंतीपासून त्या पाइपाच्या मध्यापर्यंत 300 मिमी भरतात. पसंत पडलेल्या मॉडेलच्या माहितीपत्रकात मात्र 220 छापलंय. प्लंबर म्हणतो, "बसवून देतो, काळजी नको." बसेल का खरंच?

आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे उंचीचाही प्रश्न आहे. शिवाय दुकानदार वॉल हंगच (भिंतीवर टांगलेला कमोड) घ्या म्हणून मागे लागलाय. सायफॉनिक, वॉशडाउन, रिमलेस ही काय भानगड आहे तेही कुणीतरी सोप्या भाषेत सांगा.

प्रतिसाद १

बसेल, पण टाकीमागे 80 मिमीची फट राहील. तिथे कचरा साचतो आणि हात पोचत नाही. उलटं असतं, म्हणजे पाइप 220 वर आणि कमोड 300 चा, तर बसलाच नसता. वेडावाकडा जोड लावून पाइप सरकवतात खरा, पण तुंबायला ती आयतीच जागा होते. त्यापेक्षा 300 चंच मॉडेल शोधा.

वॉल हंगला पाइप भिंतीतून लागतो. तुमचा फरशीत आहे, म्हणजे तोडफोड आली. भार पेलायला भिंतीत लोखंडी फ्रेमही हवी. दुकानदाराचं काय जातंय!

प्रतिसाद २

वॉशडाउनमध्ये पाणी जोरात पडून घाण ढकलतं. वाट रुंद असते, सहसा तुंबत नाही. सायफॉनिकमध्ये घाण ओढली जाते; आवाज कमी, भांड्यात पाणी जास्त, म्हणून डागही कमी. पण वाट अरुंद आणि वळणाची. घरात कोणी भसाभस टिश्यू टाकत असेल तर वॉशडाउनच बरा. रिमलेस म्हणजे कडेखालची पन्हळ नसलेला. ब्रश सगळीकडे पोचतो, पण काहींत फ्लशचं पाणी बाहेर उडतं, तेव्हा चालू करून बघितल्याशिवाय घेऊ नका.

उंची सीटसकट मोजा. नेहमीच्या कमोडची साधारण 40 सेंमी असते, गुडघेदुखीला 43 ते 48 बरी. मात्र आईंना एकदा बसवून बघा. पाय अधांतरी राहिले तर जास्त उंचीचाही त्रासच. बाजूला दांडा लावून घ्या.

धागाकर्ता

आभार! वॉल हंग रद्द. 300 चा, वॉशडाउन, उंच सीटवाला बघतो. सहा आणि तीन लिटरचा दुहेरी फ्लश कुणी वापरलाय का? तीन लिटरमध्ये भागतं?