मदत हवी आहे: सीनियरच्या सेटवर झालेली ओळख आपली म्हणावी का? (फ्रीलान्स हेअर-मेकअप)

नमस्कार मंडळी,

मी फ्रीलान्स हेअर-मेकअप करते. ब्रायडलची कामं एकीकडून दुसरीकडे कळत येत राहतात, त्याची चिंता नाही. मला एडिटोरियल (मासिकांसाठीचे फॅशन फोटो) आणि जाहिरातींच्या शूटकडे वळायचंय. तिथे फोटोग्राफर किंवा स्टायलिस्टने नाव सुचवल्याशिवाय फोन येत नाही, म्हणून सध्या एका सीनियर आर्टिस्टला असिस्ट करते. टेबल लावायचं, ब्रश धुवायचे, मॉडेल जास्त असल्या तर बेस करून द्यायचा.

मागच्या शूटला मॅडम एका मॉडेलच्या डोळ्यांत गुंतल्या होत्या आणि इकडे दुसरीचा भांग लाइटखाली पांढराफटक दिसत होता. मी मॅट ब्राऊन आयशॅडो भांगावर दाबली, टूथब्रशवर हेअरस्प्रे मारून उडणारे केस बसवले. फोटोग्राफरने मॉनिटरवर पाहिलं, काही बोलला नाही. नंतर त्याचा थेट मला मेसेज: 'पुढच्या महिन्यात लुकबुक आहे, करशील का? रेट सांग.' (लुकबुक म्हणजे ब्रँडच्या नव्या कपड्यांचा फोटो-कॅटलॉग.)

आनंद झाला आणि पोटात गोळाही आला, कारण हा मॅडमचा जुना क्लायंट. हो म्हणू, आधी मॅडमना सांगू, की सरळ नाही म्हणू?

जोडीला दुसरा प्रश्न. टेस्ट शूटला सगळेच पोर्टफोलिओसाठी बिनपैशाचं काम करतो, ते मान्य. पण फोटो येतच नाहीत, आलेच तर लांबून घेतलेले, त्यात मेकअप शोधावा लागतो. आधी काय ठरवून घ्यावं?

('अर्जंट एमयूए (मेकअप आर्टिस्ट) पाहिजे, बजेट टाइट' छाप व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सुचवू नका प्लीज.)

पावडरपफ: नाही म्हणू नकोस आणि लपवूही नकोस. मॅडमना फोन कर, मेसेज नको, मेसेजचा सूर कसाही वाचला जातो. असिस्टंट म्हणून गेलेल्या सेटवर स्वतःचं कार्ड वाटायचं नाही, क्लायंटशी रेटचं बोलायचं नाही, हे तू पाळलंयस. त्याने विचारलं, तू मागितलं नाहीस. आणि हे तिसऱ्याकडून त्यांच्या कानावर जाणारच, या धंद्यात सगळे सगळ्यांना ओळखतात. माझ्याकडे असिस्ट करणाऱ्या मुलींना मी छोटी कामं स्वतःहून देते. ज्या आधी सांगतात त्यांना जास्त देते, खोटं कशाला बोलू.

हेअरपिन: थोडी असहमत. सांगायचं जरूर, पण परवानगी मागितल्यासारखं नाही. तू नोकरीला नाहीस. त्यांच्याशी काही लेखी ठरलं असेल तर मात्र आधी ते वाच.

शटरवाला: फोटोग्राफरच्या बाजूने लिहितो. आम्ही थेट असिस्टंटला विचारतो तेव्हा बहुतेक वेळा बजेट कमी असतं, हे धरूनच चाला. रेट विचारल्या विचारल्या आकडा फेकू नका. मॉडेल किती, एकेकीचे लुक किती, केस आणि मेकअप दोन्ही एकटीनेच करायचं का, तास किती, जादा तासांचं काय, किटचा खर्च वेगळा का, फोटो फक्त वेबसाइटवर जाणार की होर्डिंगवर? एवढं विचारणाऱ्या आर्टिस्टशी कोणी घासाघीस फारशी करत नाही, निदान मी तरी नाही.

टेस्ट शूटचं मूडबोर्ड (लुक ठरवायला जमवलेले नमुना फोटो) बनतो तेव्हाच लिहून घ्या: रिटच केलेले किती फोटो, कधीपर्यंत. एक बंद डोळ्यांचा क्लोजअप आणि एक केसांचा मागून, हे आपल्या नावावर मागा. तेही लाइट बसल्यावर लगेच. शेवटी मागाल तर मॉडेल थकलेली आणि बेस उतरलेला. रिटचरला सांगा की त्वचा पुसून काढू नको, तुमचं अर्धं काम तिथेच गायब होतं. फोटो मासिकाला पाठवले असतील तर छापून येईपर्यंत पोस्ट करता येत नाहीत, उशिरामागे कधी कधी हेही कारण असतं. आणि आमच्या फोटोवर फिल्टर नका हो लावू.

काजळरेघ: सगळे फोटोग्राफरच्या मागे असतात. मला सर्वात जास्त कामं दुसऱ्या मेकअप आर्टिस्टकडून येतात. एकाच तारखेला दोन बुकिंग आली किंवा कोणी आजारी पडलं की आपलं नाव आठवलं पाहिजे. जिचं काम आपल्यापेक्षा वेगळं आहे तिच्याशी आधी जुळव. मी कुरळ्या केसांची कामं एकीला पाठवते, ती मला पुरुषांच्या ग्रूमिंगची देते. स्टायलिस्टच्या असिस्टंटशीही ओळख ठेव, उद्या टीम तीच ठरवणार आहे.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. मॅडमशी बोलले. म्हणाल्या, 'लुकबुक मी करतच नाही, बिनधास्त घे. पण त्याच्याकडून जाहिरातीचं काम आलं तर आधी मला सांगायचं.' मी हो म्हटलं. ही अट कायमची पाळायची असते का?

पावडरपफ: त्यांना असिस्ट करतेस तोवर नक्की पाळ. सोडशील तेव्हा हा विषय त्यांच्यासमोरच मोकळा करून घे. लुकबुकला असिस्टंट लागली तर इथे लिही.