मदत हवी आहे : मार्गारेट विल्सन यांचं खरं चित्र कोणतं?

सायली_क : उद्या अकरापर्यंत फ्लेक्स छापायला द्यायचाय. मार्गारेट विल्सन यांचं जे चित्र सगळीकडे दिसतं तेच घेतलं, तर मुख्याध्यापिकाबाई म्हणतात या त्या नव्हेतच. तारखाही जुळत नाहीयेत. खरं कोणतं? प्लीज लवकर सांगा.

गिरगावकर : कोणत्या मार्गारेट विल्सन? फ्लेक्स कशाचा? चित्रात काय आहे ते तरी लिहा.

प्रवासी_दादा : अध्यक्ष वुड्रो विल्सन यांची थोरली लेक. अरविंदाश्रमात 'निष्ठा' नावाने राहिली, १९४४ साली पाँडिचेरीतच गेली. आश्रम जरूर पाहा, सकाळी लवकर जा, फार शांत वाटतं.

सायली_क : नाही हो दादा! आपल्या मुंबईच्या, मुलींच्या शाळा काढणाऱ्या. शाळेत स्त्रीशिक्षणाचं प्रदर्शन आहे. चित्रात लाल केस मोकळे सोडलेली मुलगी, साखळीने खडकाला बांधलेली.

गिरगावकर : मग बाईंचं बरोबर आहे. ते जॉन एव्हरेट मिले यांचं १८७१ चं चित्र, लिव्हरपूलच्या वॉकर आर्ट गॅलरीत आहे. ती स्कॉटलंडातल्या विगटाउनची मार्गारेट, वय अठरा. राजाला चर्चचा प्रमुख मानायची शपथ घेईना म्हणून १६८५ मध्ये भरतीच्या पाण्यात खुंटाला बांधून बुडवली. मुंबईच्या बाई १८२९ ला आल्या.

इतिहास_वेडा : बुडवली हे इतकं ठाम लिहू नका. एडिनबरोच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळाने, शिक्षा तहकूब केल्याची नोंद आहे.

गिरगावकर : तहकुबी एडिनबरोत झाली, शिक्षा विगटाउनला. तिथल्या दफनभूमीत तिच्या नावाचा दगड आहे, आणि चर्चच्या दप्तरातही हकीकत आहे.

इतिहास_वेडा : ती दप्तरं पंचवीसेक वर्षांनंतरची!

जुनी_पाने : अहो, ताईंचा फ्लेक्स उद्या आहे. सायली, 'विल्सन' सोडा, माहेरच्या नावाने 'मार्गारेट बेन' असं शोधा. स्कॉटलंडच्या जुन्या कागदांत बाईचं माहेरचं नाव टिकतं, लग्नानंतर थडग्यावरही बहुतेकदा तेच कोरतात. थोरल्या मुलाला बापाच्या बापाचं, थोरल्या मुलीला आईच्या आईचं नाव द्यायची रीत. आपल्याकडे नातवाला आजोबांचं देतात तसंच. मग एकाच गावात तीच नावं पुन्हा पुन्हा येणारच. यजमानांच्या बाबतीतही जपा. एडिनबरोचे प्राध्यापक जॉन विल्सन १७८५ चे, 'ख्रिस्तोफर नॉर्थ' नावाने लिहायचे. आपले विल्सन कॉलेजवाले १८०४ चे, लॉडर गावचे. त्यांनीच १८३८ मध्ये बायकोचं चरित्र छापलं.

सायली_क : अय्या, मी प्राध्यापकांचंच जन्मवर्ष टाकलं होतं! आता चित्र काढून त्या चरित्राचं पहिलं पान लावते. बाईंचा जन्म ग्रीनॉक, १७९५, बरोबर ना?

जुनी_पाने : बरोबर. मृत्यू मुंबईत, १८३५. आणि खाली 'बेन' जरूर लिहा.