गेटवरचं चेहऱ्याचं मशीन: सोसायटी ग्रुपवरची चर्चा

सेक्रेटरी: सर्व सभासदांना नमस्कार. गेटवर चेहरा ओळखणारं मशीन बसवायचं ठरतंय. शनिवारी क्लबहाउसमध्ये नोंदणी. घरातल्या सगळ्यांनी यावं, कामाच्या मावशी आणि ड्रायव्हर यांनाही पाठवावं. महिनाअखेर कार्डं बंद होतील.

बी-५०४: मस्त 👍 कार्ड शोधायची कटकट गेली.

ए-७०२: चेहऱ्यांचा डेटा राहणार कुठे? मशीनमध्ये की विक्रेत्याच्या सर्व्हरवर?

सेक्रेटरी: क्लाउडवर, ताई. पण ते फोटो ठेवतच नाहीत म्हणे, नुसता आकड्यांचा कोड ठेवतात.

बी-५०४: ताई, फोन दिवसभर चेहऱ्यानेच उघडतो ना आपण? तेव्हा नाही प्रायव्हसी आठवत 😄

ए-७०२: प्रश्न रास्त आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आयफोनचा फेस आयडी घ्या. त्यात चेहऱ्याचं टेम्प्लेट, म्हणजे चेहऱ्यावरून बनवलेला आकड्यांचा कोड, फोनमधल्याच वेगळ्या सुरक्षित भागात राहतं, ॲपलकडेही जात नाही. शिवाय फोन एवढंच तपासतो की समोरचा माणूस मालक आहे की नाही. गेटवरचं मशीन समोरचा चेहरा नोंदलेल्या सगळ्यांशी ताडून बघतं, आणि आपल्या बाबतीत ते सगळे चेहरे तिसऱ्याच कुणाच्या तरी ताब्यात असणार. 'नुसता कोड' यावरही जाऊ नका. टेम्प्लेटवरून मूळ चेहऱ्याशी बरंच जुळणारं चित्र परत तयार करता येतं, हे संशोधकांनी करून दाखवलंय.

सी-१०१: मला काय लपवायचंय या वयात? बघू दे की चेहरा.

ए-७०२: काका, तुम्ही लपवायचा प्रश्नच नाही. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, चेहरा कसा बदलणार? २०१५ साली अमेरिकी सरकारच्या कर्मचारी विभागातून ५६ लाख लोकांच्या बोटांचे ठसे चोरीला गेले. ती माणसं जन्मभर तीच बोटं वापरणार. आणि २०१९ मध्ये 'बायोस्टार २' या सिस्टिमचा डेटाबेस इंटरनेटवर उघडा पडलेला संशोधकांना सापडला. त्यात १० लाखांहून जास्त लोकांचे ठसे होते, असं त्यांनी सांगितलं. ती सिस्टिम कसली होती? इमारतींची दारं उघडण्याची. म्हणजे आपण घेतोय तसलीच.

ए-२०३: मला चेहऱ्यापेक्षा नोंदींची धास्ती वाटते. काल डेमोला मी वॉचमनच्या टेबलापाशीच उभी होते. टॅबवर एकाखाली एक ओळी येत होत्या: फोटो, फ्लॅट नंबर, वेळ, आत की बाहेर. माझ्या मागे पार्सल घेऊन आलेला मुलगा मान वाकडी करून वाचत होता. कुठल्या फ्लॅटमध्ये आत्ता कुणी नाही, हे त्या स्क्रीनवरून कुणालाही कळेल.

बी-३०१: आणि मग एजीएममध्ये कुणाची मुलगी रात्री किती वाजता येते यावर चर्चा. आपल्या लोकांना मी ओळखून आहे.

बी-५०४: नोंदी तर कार्डाच्याही होतात की!

ए-२०३: होतात, पण कार्ड मी स्वतः टेकवते. हा कॅमेरा समोरून जाईल त्याला टिपणार, मी खाली नुसती फिरत असले तरी. सध्याच्या नोंदी किती दिवस ठेवतात, कोण बघतं, हेही विचारायलाच हवं म्हणा.

सी-१०१: जुन्या ऑफिसातलं ठशाचं मशीन माझं बोट घेतच नसे. रेघाच झिजल्यात. रोज वॉचमनच्या वहीत सही.

ए-७०२: हाच मुद्दा, काका. लहान मुलांचे चेहरे भराभर बदलतात, कुणाच्या तोंडाला बँडेज असतं, कधी उजेड कमी पडतो. दुसरी सोय ठेवावीच लागणार. मग कार्ड बंद कशाला करायचं?

सेक्रेटरी: मुद्दा पटतोय. पण पुन्हा पुन्हा मीटिंगा नकोत. आज पोल टाकतो, बहुमताने ठरवू.

बी-३०१: पोल कुणाचा? आपला. मशीनपुढे रोज न चुकता उभं राहायचंय मावशींना, ड्रायव्हरना, सफाईवाल्यांना. त्यांच्यातलं कुणी या ग्रुपवर आहे का? आपण नाही म्हणालो तर फार तर ग्रुपवर वाद होईल. त्या नाही म्हणाल्या तर उद्यापासून काम बंद. आमच्या मावशींना मी सकाळी विचारलं, तर म्हणाल्या, "तुम्ही सांगाल तसं." याला काय संमती म्हणायची?

ए-७०२: अगदी याच कारणावरून स्वीडनमध्ये २०१९ साली दंड झालाय. एका शाळेने हजेरीसाठी चेहरा ओळखणारा कॅमेरा लावून बघितला होता. पालकांची संमती घेतली होती, तरी तिथल्या डेटा संरक्षण यंत्रणेने ती धरली नाही. विद्यार्थी शाळेवर अवलंबून आहेत, तर ही मोकळेपणाने दिलेली संमती कशी, असं म्हणणं होतं. वर हजेरी घ्यायला साधे मार्ग असताना इतका संवेदनशील डेटा लागतोच कशाला, हेही सुनावलं.

बी-५०४: ओके, हा विचार मी केला नव्हता. पण मग गेटवर कुणीही घुसतं त्याचं काय? मागच्या महिन्यातली सायकलचोरी विसरलात?

ए-२०३: सायकल मागच्या तुटक्या फाटकातून गेली. तिथे मशीन बसणारच नाहीये.

बी-५०४: 🙈

सेक्रेटरी: बरं, पोल थांबवतो. विक्रेत्याला लेखी विचारतो: डेटा मशीनमध्येच ठेवता येईल का, नोंदी किती दिवसांनी पुसणार, कोण बघू शकणार, करार संपल्यावर काय. शनिवारची नोंदणी रद्द. कार्डं चालूच राहतील, सगळ्यांची. फाटकाचं कोटेशन मागवतो.

ए-७०२: मोबाइलवरचा फोटो धरला तर मशीन फसतं का, तेही विचारा. डेमोला मी करून बघणार होते, तर विक्रेता म्हणाला, "आज नको मॅडम, सेटिंग बाकी आहे."

सी-१०१: डेमोला माझा आणि नातवाचा चेहरा घेतलाय की त्याने! तो अजून आहे का त्याच्याकडे?

सेक्रेटरी: विचारतो, काका.

ए-७०२: नुसतं विचारू नका, पुसायला लावा. बॅकअपमधूनही. आणि पुसल्याचं मेलवर घ्या, फोनवर नको.