फॅमू फुटबॉल: 2021 आणि 2022, दोन्ही वर्षी साखळीत 9-2. मग प्लेऑफ एकदाच का?

रॅटलर_वाचक:
फ्लोरिडा ए अँड एम विद्यापीठाचे (फॅमू) अमेरिकन फुटबॉलचे दोन हंगाम शेजारी ठेवून पाहतोय. 2021 मध्ये साखळीत 9-2 (नऊ विजय, दोन हार) आणि एफसीएस (कॉलेज फुटबॉलच्या डिव्हिजन एकमधला दुसरा स्तर) प्लेऑफमध्ये, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेऱ्यांमध्ये जागा. 2022 मध्येही 9-2, शेवटचे नऊ सामने ओळीने जिंकलेले, तरी यादीत नाव नाही. कॉन्फरन्समधली (आपसात खेळणाऱ्या कॉलेजांचा समूह, फॅमूचा तो स्वॅक) हार दोन्ही वेळा एकच, जॅक्सन स्टेटकडून. फरक नेमका कुठे पडला? आणि स्वॅकचा विजेता प्लेऑफला जातच नाही, हे कसं?

चौथा_डाउन:
दुसरा प्रश्न आधी घेतो, पहिल्याचं मूळ त्यातच आहे. प्लेऑफची पहिली फेरी थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरअखेरचा अमेरिकी सण) शनिवारी असते. त्याच शनिवारी न्यू ऑर्लिन्सला ग्रॅम्बलिंग विरुद्ध सदर्न या स्वॅकच्याच संघांचा सामना, म्हणजे बायू क्लासिक. पुढच्या शनिवारी स्वॅकची अंतिम लढत, म्हणजे नेमकी प्लेऑफच्या दुसऱ्या फेरीच्या वेळी. ती जिंकणारा संघ डिसेंबरच्या मध्यात अटलांटाला सेलिब्रेशन बोलमध्ये मीॲक या दुसऱ्या कॉन्फरन्सच्या विजेत्याशी भिडतो. तारखा अशा एकमेकींवर चढल्यावर विजेता दोन्हीकडे जाणार कसा?

फट उरते ती गटात दुसऱ्या आलेल्या संघाला. स्वॅकमध्ये सहा-सहा संघांचे दोन गट आहेत (फॅमू आणि जॅक्सन स्टेट दोघे पूर्व गटात) आणि अंतिम लढतीत फक्त गटविजेते जातात. फॅमूचा साखळीतला शेवटचा सामना, ऑर्लँडोतला फ्लोरिडा क्लासिक, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी संपतो, त्यामुळे संघ मोकळा असतो. पण ही जागा हक्काची नाही. निवड समितीने बोलावलं तरच.

लाइनबॅकर_54:
समिती 9-2 एवढंच वाचत नाही, त्या नऊत कोण होतं ते पाहते. 2022 मधल्या नऊपैकी एक विजय अल्बनी स्टेटवरचा आहे. तो डिव्हिजन दोनचा (खालच्या पातळीचा) संघ, म्हणजे डिव्हिजन एकमधले विजय उरले आठ. साऊथ कॅरोलिना स्टेटला दोन्ही वर्षी हरवलं, पण 2021 मध्ये तोच संघ पुढे सेलिब्रेशन बोल जिंकला. जॅक्सन स्टेटला 31-10 ने हरवून! 2022 मध्ये तो घसरला होता, म्हणून त्याच विजयाचं वजन कमी झालं.

आणि जॅक्सन स्टेटकडून फॅमूची हार कशी झाली तेही बघा. मायामी गार्डन्समधल्या ऑरेंज ब्लॉसम क्लासिकमध्ये 2021 ला 7-6. 2022 ला 59-3. समितीने अमुकच कारण धरलं असं म्हणत नाही, पण माझ्या मते शेवटच्या दोन-तीन जागांसाठी संघ तोलताना 59-3 विसरणं कुणालाही जड जातं. पुढचे नऊ विजय ते पुसू शकले नाहीत.

क्रेडिट_मोजणारी:
या सगळ्याची सुरुवात त्याच्याही आठवडाभर आधी झाली. 27 ऑगस्ट 2022, नॉर्थ कॅरोलिनाविरुद्ध 24-56. त्या सामन्याला वीसहून जास्त खेळाडू अपात्र होते. त्यानंतर खेळाडूंनी विद्यापीठाच्या अध्यक्षांना पत्र लिहून अभ्यासक्रम-सल्ला आणि पात्रता-तपासणीतल्या त्रुटी मांडल्या.

इतकी नावं एकदम कशी अडकतात, तर तेव्हाचा एनसीएएचा (अमेरिकी कॉलेज खेळांची नियामक संस्था) हिशेब असा होता: तिसरं वर्ष सुरू होण्याआधी पदवीचा 40 टक्के भाग पूर्ण हवा, चौथ्याआधी 60, पाचव्याआधी 80. शिवाय दर सत्रात किमान 6 क्रेडिट. फुटबॉलला वेगळी अट: शरद सत्रात 9 क्रेडिट झाले नाहीत, तर पुढच्या हंगामातले पहिले 4 सामने बाहेर.

सगळ्यात जास्त फसतात ते बदली होऊन आलेले खेळाडू. जुन्या कॉलेजातले क्रेडिट नव्या पदवीला लागू झाले नाहीत की टक्केवारी एका झटक्यात खाली येते. पदवीचा विषय मध्येच बदलला तरी तेच. उन्हाळी वर्गात भरपाई करता येते, पण ते गुण नोंदले जाऊन पात्रतेचं प्रमाणपत्र पहिल्या सामन्याआधी निघायला हवं. फॅमूचा सामना ऑगस्टमध्येच होता, त्यामुळे वेळ आणखी कमी. हे काम जुलैत नव्हे, जानेवारीत प्रत्येक खेळाडूचा तक्ता काढून करायचं असतं. मैदानावर घाम गाळणाऱ्या मुलांना कागदाच्या चुकीने बाकावर बसावं लागणं हा अन्याय आहे.

रॅटलर_वाचक:
आता उलगडलं. म्हणजे 2022 मध्ये 4 सप्टेंबरलाच गट हातातून गेला म्हणायचा?

चौथा_डाउन:
जवळजवळ. जॅक्सन स्टेट कॉन्फरन्समध्ये 8-0, फॅमू 7-1. गटात पुढे जायला जॅक्सन स्टेटने दोनदा हरायला हवं होतं, कारण बरोबरी झाली तर आपसातला निकाल बघतात.

2023 ला तोच सामना 28-10 ने जिंकला आणि सगळं पालटलं. कॉन्फरन्समध्ये 8-0, म्हणून अंतिम लढत घरच्या ब्रॅग स्टेडियमवर मिळाली (यजमानपद कॉन्फरन्समधली कामगिरी सरस असलेल्या गटविजेत्याला जातं). तिथे प्रेअरी व्ह्यूवर 35-14, मग अटलांटात हॉवर्डवर 30-26. एकूण 12-1, एकमेव हार साऊथ फ्लोरिडाकडून. मला विचाराल तर हाच रस्ता बरा. 2021 मध्ये प्लेऑफची जागा मिळाली, पण पहिल्याच फेरीत साऊथईस्टर्न लुइझियानाच्या मैदानावर 14-38 अशी हार झाली.

लाइनबॅकर_54:
इथे पटत नाही. 1978 मध्ये या स्तराचं पहिलंवहिलं राष्ट्रीय विजेतेपद फॅमूनेच मिळवलं, मॅसॅच्युसेट्सला 35-28 ने हरवून. कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक महाविद्यालयांपैकी दुसऱ्या कुणाला ते अजून जमलेलं नाही. अटलांटा हवंच, पण गटात दुसरं आल्यावर प्लेऑफचं दारही उघडं राहायला हवं. त्यासाठी डिव्हिजन दोनच्या संघाऐवजी एफसीएसमधला तगडा प्रतिस्पर्धी वेळापत्रकात घ्या.